एका 'द'ची गैरहजेरी

आज रणगाडे बाजूला ठेवू आणि इंग्रजीतल्या एका चिमुकल्या शब्दाकडे वळू : 'द'.

मी मराठी माध्यमातला. फौजेत लेखी हुकूम लिहायला शिकताना 'द' कुठे, 'अ' कुठे, यात माझी भंबेरी उडायची. 'द हिल' म्हणजे दोघांना ठाऊक असलेली ती टेकडी, 'अ हिल' म्हणजे कुठलीही एक. एका सरावात माझ्या हुकुमात 'अ' पडला आणि तुकडी निवांतपणे भलत्याच टेकडीवर जाऊन बसली. तिथे फक्त बोलणी खावी लागली.

जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने सिनाई, गाझा, वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गोलान व्यापले. गाझात संयुक्त राष्ट्रांच्या दलातले आपले जवानही त्यात मारले गेले. २२ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव २४२ एकमताने मंजूर केला. मांडणारे ब्रिटनचे लॉर्ड कॅराडन. इस्रायली फौजांनी माघार कुठून घ्यायची? 'फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड'. 'टेरिटरीज'आधी 'द' नाही! इस्रायल म्हणालं, म्हणजे सगळ्या प्रदेशांतून नव्हे. अरब देश म्हणाले, सगळ्याच. फ्रेंच प्रतीत 'दे तेरितुआर' आहे आणि त्या 'दे'मध्ये निश्चित उपपद विरघळलेलं आहे.

'द' विसरला मात्र नव्हता. पंधरा दिवस आधी भारत, माली आणि नायजेरिया यांच्या मसुद्यात 'ऑल द टेरिटरीज' असं स्वच्छ लिहिलं होतं. तो मतदानाला आला नाही. ब्रिटिश मसुद्याला पाठिंबा देताना आपले प्रतिनिधी गोपालस्वामी पार्थसारथी यांनी बजावून ठेवलं, की भारत याचा अर्थ सर्व प्रदेशांतून माघार असाच घेतो.

मराठीत लिहून पाहा : 'व्यापलेल्या प्रदेशांतून माघार'. 'सर्व' किंवा 'काही' लिहिल्याशिवाय भांडण दिसतही नाही. रशियनलाही उपपदं नाहीत.

युद्धाने भूभाग मिळवणं अमान्य, असं ठरावाच्या प्रस्तावनेतच आहे. म्हणून माझा कौल भारताच्या अर्थाला. पण 'द' घातला असता तर पंधराही हात वर गेले नसते, हेही कळतं. फौजी हुकूम असा लिहिणाऱ्याला मी परत पाठवला असता.

सिनाई एप्रिल १९८२ मध्ये इजिप्तला परत मिळालं, ताबाचा छोटा तुकडा १९८९ मध्ये. गोलानवर इस्रायलने १९८१ मध्येच आपला कायदा लागू केला होता.