आणविलेल्या कळा आणि वाट पाहण्याचे तास



घरांतील गर्भवतीचे दिवस भरले, सांगितलेली तारीख उलटून गेली, आणि डॉक्टरांनीं "आतां औषध देऊन कळा आणाव्या लागतील" असें सांगितलें, म्हणजे घरांतील वडीलधाऱ्या बाईपासून रुग्णालयाच्या व्हरांड्यांत येरझारा घालणाऱ्या नवऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडीं एकच प्रश्न येतो : "किती वेळ लागेल ?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं वैद्यकाला अडीचशें वर्षांहून अधिक काळ वेंचावा लागला. त्या उत्तराचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

अडलेल्या बाळंतिणीची चिंता आपल्या देशांत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेंत 'मूढगर्भ', म्हणजे अडलेला गर्भ, याचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांनीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पदवीसाठीं जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. पण अडलेल्या प्रसूतीला साह्य करणें ही एक गोष्ट. आणि जी अद्याप सुरूच झालेली नाहीं, ती प्रसूति आपण ठरविलेल्या वेळीं सुरू करणें ही अगदीं निराळी गोष्ट. या दुसऱ्या गोष्टीची नोंदलेली कथा लंडन शहरांत सुरू होते.

१७५६ सालीं लंडनमधील नामांकित प्रसूतिवैद्य एका प्रश्नाचा विचार करण्यासाठीं एकत्र जमले. लहानपणीं मुडदूस झाल्यामुळें ज्या स्त्रियांच्या कमरेच्या हाडांचें कडें आंखडलेलें असे, त्यांना पूर्ण दिवसांचें मूल होणें अशक्य होतें. पोट चिरावें तर त्या काळीं आई बहुधा दगावत असे. आई वांचवावी तर मुलाचें डोकें फोडून तें बाहेर काढावें लागे. अशा स्त्रीची प्रसूति, मूल लहान असतांनाच, कांहीं आठवडे आधीं घडवून आणली तर ? हें करणें उपयुक्त आहे काय, आणि नीतीला धरून आहे काय, असे दोन्ही प्रश्न त्या मंडळींनीं विचारांत घेतले व आपली संमति दिली. त्यानंतर डॉ. मॅकॉले यांनीं हा उपाय केला व तो यशस्वी झाला. ही हकीकत टॉमस डेन्मन या प्रसिद्ध वैद्यानें आपल्या ग्रंथांत नमूद करून ठेविली आहे.

उपाय एकच होता : पाणमोट फोडणें. पुढें यूरोपांत याला 'इंग्रजी पद्धति' असें नांवच पडलें. पण पाणमोट फोडल्यावर कळा केव्हां येतील, याचा नेम नसे. कधीं कांहीं तासांनीं येत, कधीं कांहीं दिवसांनीं. आणि जितका विलंब होई तितका जंतुदोषाचा धोका वाढे. जंतु म्हणजे काय हेंच त्या वेळीं ठाऊक नव्हतें ! म्हणजे आरंभ माणसाच्या हातीं आला, पण पुढचा काळ मात्र हातीं आला नाहीं.

याच डेन्मनचा जांवई सर रिचर्ड क्रॉफ्ट. सासऱ्याची शिकवण अशी कीं, प्रसूतींत उगाच हात घालूं नये, निसर्गाला त्याचें काम करूं द्यावें. १८१७ सालीं इंग्लंडच्या राजपुत्राची एकुलती कन्या राजकन्या शार्लट हिच्या बाळंतपणाची जबाबदारी क्रॉफ्टवर आली. तिचे दिवस उलटून गेले होते. तरी कळा आणविल्या नाहींत, त्या आपोआपच सुरू झाल्या. ३ नोव्हेंबरच्या संध्याकाळीं सुरू झालेली प्रसूति ५ नोव्हेंबरच्या रात्रीं संपली. सुमारें पन्नास तास ! त्यांतील पहिले सव्वीस गर्भाशयाचें मुख उघडण्यांत, आणि पुढचे चोवीस मूल खालीं येण्यांत गेले. चिमटा लावला नाहीं. मुलगा मृत जन्मला, आणि कांहीं तासांतच, ६ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वीं, राजकन्याहि गेली. पुढें फेब्रुवारी १८१८ मध्यें क्रॉफ्टनें स्वतःवर पिस्तूल झाडून घेतलें. ज्या गादीवर शार्लट बसावयाची, तिच्यावर पुढें व्हिक्टोरिया राणी बसली, हें आपण जाणतांच. प्रसूतिशास्त्रावरहि या घटनेची खोल छाप पडली. नुसती वाट पाहणें हाहि एक निर्णय आहे, आणि त्याचीहि जबाबदारी असते, हें वैद्यांना पटूं लागलें.

मग घाईचा उपाय निघाला, आणि घाईचे दोषहि दिसले. राय नांवाच्या धान्याच्या कणसावर वाढणारी 'अर्गट' ही बुरशी सुइणींना पूर्वींपासून ठाऊक होती. १८०८ सालीं अमेरिकेंत जॉन स्टर्न्स यांनीं तिची पूड प्रसूति लवकर उरकण्यासाठीं उत्तम असल्याचें प्रसिद्ध केलें. पण थोड्याच वर्षांत न्यूयॉर्कच्या डेव्हिड होझॅक यांनीं इशारा दिला कीं, प्रसूतीची म्हणविणारी ही पूड मृत्यूची पूड ठरत आहे. कारण असें : नैसर्गिक कळ येते आणि ओसरते. ती ओसरल्यावर वारेंतून बाळाला पुन्हां भरपूर रक्त मिळतें. अर्गटनें गर्भाशय आंवळला तो आंवळूनच राही. बाळ गुदमरे, आणि प्रसंगीं गर्भाशय फाटे. म्हणून अर्गट पुढें बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठींच उरली. दोन कळांमधील विसांवा हा वाया गेलेला वेळ नव्हे. बाळाचा श्वास त्यावर अवलंबून असतो.

एकोणिसाव्या शतकांत गर्भाशयाच्या मुखांत नळी ठेवणें, रबरी फुगा फुगविणें, अशा यांत्रिक युक्त्या निघाल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एरंडेल, क्विनीन आणि गरम पाण्याचें स्नान यांवरहि पुष्कळांची भिस्त होती. खरी क्रांति मात्र मेंदूच्या तळाशीं असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्यूटरी ग्रंथीनें घडविली. १९०६ सालीं हेन्री डेल यांनीं तिच्या अर्कानें गर्भाशय आंकुंचन पावतो असें दाखविलें, आणि १९०९ मध्यें ब्लेअर बेल यांनीं तो अर्क स्त्रियांसाठीं वापरल्याचें प्रसिद्ध केलें. प्रथम तो सुईनें एकदम टोंचला जाई, आणि अर्गटचेच अपघात पुन्हां घडत. १९४० नंतरच्या दशकांत तो शिरेंतून थेंब थेंब सोडण्याची पद्धति आली. १९५३ सालीं व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनीं त्यांतील मूळ द्रव्य, ऑक्सिटोसिन, प्रयोगशाळेंत तयार केलें. १९५५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. थेंबांची ही पद्धति साधी दिसते, पण तिच्यांतच सुरक्षितता आहे. कळा फार जोरांत आल्या तर थेंब थांबवितां येतात, आणि औषधाचा जोर कांहीं मिनिटांत ओसरूं लागतो. एकदां दंडांत टोंचलेलें इंजेक्शन मात्र परत घेतां येत नाहीं. म्हणून कळा वाढविण्यासाठीं घरीं कोणाकडूनहि असें इंजेक्शन टोंचून घेणें हा प्राणाशीं खेळ आहे.

तरीहि एक कोडें उरलें. तेंच औषध, तितकेच थेंब. एक स्त्री सहा तासांत मोकळी होई, तर दुसरीला दोन दिवस लागत. याचें उत्तर औषधांत नव्हतें, गर्भाशयाच्या मुखांत होतें. १९६४ सालीं एडवर्ड बिशप यांनीं पांच गोष्टींचे गुण मांडले : मुख किती उघडलें आहे, किती पातळ झालें आहे, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे, आणि बाळाचें डोकें किती खालीं आलें आहे. फळ पिकलें असेल तर हलक्या हातानेंहि सुटतें. कच्चें असेल तर आधीं पिकवावें लागतें. हें पिकविण्याचें काम करणारीं प्रॉस्टाग्लॅंडिन द्रव्यें डॉ. सुलतान करीम यांनीं १९६८ सालीं युगांडांतील कंपाला येथें प्रसूति सुरू करण्यासाठीं वापरून दाखविलीं. याच मुखासंबंधीं नेमकें उलट काम, म्हणजे अकालीं उघडणारें मुख टांका घालून बंद राखण्याचें, मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनीं १९५५ सालीं जगापुढें ठेविलें होतें, याचा येथें अभिमानानें उल्लेख केला पाहिजे.

दरम्यान घड्याळ प्रसूतिगृहांत शिरलें होतें. १९५४ च्या सुमारास इमॅन्युएल फ्रीडमन यांनीं मुख उघडण्याचा वेग आलेखावर मांडला. डब्लिनच्या राष्ट्रीय प्रसूतिगृहांत कीरन ओड्रिस्कॉल यांनीं प्रथम चोवीस आणि मग बारा तासांची मर्यादा घालून घेतली. १९७० नंतर ब्रिटनमध्यें कळा आणविण्याचें प्रमाण इतकें वाढलें कीं, रुग्णालयाच्या सोयीसाठीं हें चाललें आहे काय, असा प्रश्न स्त्रिया उघडपणें विचारूं लागल्या. शार्लटच्या वेळीं हात न लावण्याचा अतिरेक झाला होता. आतां हात लावण्याचा होऊं लागला. दोन्ही वेळां जें राहून गेलें तें एकच : त्या विशिष्ट स्त्रीकडे पाहणें.

मग आज काय ठाऊक आहे ? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार मुख पांच सेंटिमीटर उघडल्यावर प्रसूतीची वेगवान अवस्था सुरू झाली असें मानावें. ती पहिलटकरणीला बहुधा बारा तासांहून आणि पुढच्या खेपेला दहा तासांहून अधिक चालत नाहीं. त्या आधींच्या संथ अवस्थेला ठराविक मर्यादाच नाहीं. आणि आणविलेल्या कळांचा जादा वेळ जातो तो या संथ अवस्थेंतच. मुख सहा सेंटिमीटर उघडलें कीं पुढचा वेग आपोआप आलेल्या कळांसारखाच असतो. अमेरिकेंत सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींवर झालेला एक मोठा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. एकोणचाळिसाव्या आठवड्यांत कळा आणविलेल्या स्त्रिया प्रसूतिकक्षांत साधारण वीस तास राहिल्या, तर वाट पाहणाऱ्या चौदा तास. पण पोट चिरण्याची वेळ पहिल्या गटांत शेंकडा १८.६ जणींवर आली, दुसऱ्यांत २२.२ जणींवर. आपल्या नागपुरांतील दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर केलेला अभ्यास २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या पोटांत दिलेल्यांपैकीं शेंकडा ५७ स्त्रिया चोवीस तासांच्या आंत नैसर्गिक मार्गानें प्रसूत झाल्या. फुग्याची नळी बसविलेल्यांपैकीं शेंकडा ४७. म्हणजे दोन्ही गटांत पुष्कळ स्त्रिया एका दिवसांत नैसर्गिक मार्गानें प्रसूत झाल्या नाहींत, हेंहि ध्यानांत घ्यावें.

तेव्हां पहिलटकरणीचें मुख कच्चें असेल, तर नुसत्या पिकण्याला बारा ते चोवीस तास लागूं शकतात, आणि सर्व मिळून दीड-दोन दिवस जाणें हें अपयश नव्हे. पूर्वीं बाळंतपण झालेल्या आणि मुख मऊ झालेल्या स्त्रीचें काम पुष्कळदां बारा तासांच्या आंत आटोपतें. पाणमोट फोडून ऑक्सिटोसिन सुरू केल्यावरहि, आई व बाळ सुखरूप असतील तर, बारा ते अठरा तास वाट पाहिल्याखेरीज प्रयत्न फसला असें ठरवूं नये, असें आजचें मत आहे. या वेळांत बाळाच्या हृदयाचे ठोके वरचेवर ऐकले पाहिजेत. ताप, रक्तस्राव, मंदावलेली हालचाल, किंवा मधें न ओसरणारी कळ, यांपैकीं कांहींहि दिसलें तर तत्काळ सांगितलें पाहिजे. आधींच्या खेपेस पोट चिरून प्रसूति झाली असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना आरंभींच सांगावी. कारण अशा स्त्रीला मिसोप्रोस्टॉल देऊं नये.

आणि घरच्या मंडळींनीं दर तासाला "अजून नाहीं का ?" असें विचारून त्या बाईला अपराधी वाटावयास लावूं नये. कळ कशासाठीं आणविली, पुढें काय होणार, किती वेळ लागूं शकेल, हें तिला आधीं नीट सांगितलेलें असेल, आणि तिच्याजवळ आपलें माणूस असेल, तर ते लांब तास तिला सोसवतात. १७५६ सालीं त्या मंडळींनीं हें करावें कीं न करावें याची चर्चा केली, तेव्हां जिच्या देहाचा तो प्रश्न होता तिला कोणी विचारलें होतें कीं नाहीं, याचा पत्ता इतिहासांत लागत नाहीं. आज मात्र पहिला प्रश्न तिलाच विचारला पाहिजे, आणि पहिलें उत्तरहि तिलाच मिळालें पाहिजे.