पालखीपुढची उखळी

चैत्राच्या तोंडावर नारायणगावात तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात आणि जुन्नर-आंबेगावच्या गावोगावची माणसं सुपारी द्यायला तिथं येतात. कुठल्या गावची यात्रा कुठल्या तिथीला, घाटात बैलगाडे किती दिवस पळणार, फड कुणाचा, सगळं त्या चारदोन दिवसांत ठरतं. मग पत्रिका छापून येते. अभिषेक, मांडवडहाळे, शेरणी, पालखी, छबिना, शोभेचं दारूकाम, रात्री तमाशा, सकाळी हजेरी, दुपारी आखाडा. या पत्रिकेत उखळीचं नाव छापलेलं मी कधी पाहिलं नाही. पूर्वी त्याची गरजच नव्हती, कारण ती वाजली की मळ्यामळ्यातल्या माणसाला कळायचंच. आता मात्र नाव नाही आणि आवाजही नाही, म्हणून तिची कुळकथा सांगायला बसलो आहे.

उखळी दिसायला अगदी साधी. वीतभर उंचीचा, बुडाशी जाड असा लोखंडाचा ठोकळा. वरून तोंड उघडं, बुडाजवळ दाभण जाईल एवढं भोक. त्या भोकाला कान म्हणायचं. एका हातानं उचलायला गेलं तर मनगट लचकेल अशी जड. आत बोट फिरवलं तर काजळी लागते, आणि गंधकाचा वास पुढच्या यात्रेपर्यंत जात नाही.

आमच्या येडगावच्या बाजूला लहानपणी मी ती भरताना पाहिली आहे. भरणारे म्हातारबाबा कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. आधी कानात तार घालून तो साफ करायचा. मग ओंजळीनं नाही, मापानं दारू ओतायची. त्यावर चिंधीचा बोळा, त्यावर विटेचा चुरा, आणि मग लाकडी गजानं ठासणी. गज लाकडाचाच हवा. लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी पडते. शेवटी कानात चिमूटभर रंजक, म्हणजे पेट घ्यायची दारू. पालखी देवळाच्या पायरीवर आली की लांब काठीच्या टोकाला पेटती वात बांधून, तोंड फिरवून ती कानाला लावायची. मी एकदा न राहवून पुढं सरकलो तेव्हा बाबा म्हणाले, "मागं हो पोरा. बार दारूत नसतो, ठासणीत असतो."

हे वाक्य मला फार उशिरा कळलं. ही दारू उघड्यावर पेटवली तर नुसती भसकन जळून जाते, आवाज म्हणून नाही. तिला कोंडावं लागतं. कोंडलेला वायू चुरा उडवून बाहेर पडतो तेव्हा तो घुमता, पोटात जाणवणारा आवाज निघतो. जगातल्या सगळ्या तोंडाकडून भरायच्या हत्यारांचं मर्म हेच, मग ती वीतभर उखळी असो की बुरुजावरची तोफ. आपल्याकडच्या बंदुकीला म्हणूनच नाव पडलं ठासणीची बंदूक.

उखळी हे नाव स्वयंपाकघरातून आलं. संस्कृतात उलूखल, मराठीत उखळ, आणि त्याचं लहान रूप उखळी. वरून मुसळ, खाली खोलगट पोट. वरून गज, खाली दारू. दोन्हींकडे क्रिया तीच. गंमत अशी की ही उपमा एकट्या मराठीला सुचलेली नाही. इंग्रज ज्या तोफेला मॉर्टर म्हणतो, तो मूळचा लॅटिनमधला कांडायचा खलच. तुर्कीत अशा तोफेला हावान म्हणतात, तोही खलबत्त्यातला खल. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लोकांनी ही वस्तू पाहिली आणि सगळ्यांना घरातलं कांडण आठवलं.

दारू या शब्दाचा प्रवास तर याहून सुंदर आहे. फारसीत दारू म्हणजे औषध. चिनी लोक या मिश्रणाला आगीचं औषध म्हणत. तिथल्या किमयागारांना सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र आणल्यावर काय होतं ते नवव्या शतकात उमगलं. आपण फारसी शब्द घेतला, त्यातलं औषध विसरलो आणि स्फोट तेवढा ठेवला. प्यायच्या दारूला तेच नाव मिळालं ही निराळी हकिकत. बंदूक हा शब्द अरबी बुंदुक म्हणजे एक कठीण कवचाचं फळ, त्यावरून गोळी, आणि गोळीवरून गोळी फेकणारं हत्यार. तोफ तुर्की. कान, रंजक, बार, ठासणी, बत्ती हे शब्द मात्र मराठी माणसानं असे मुरवले की ते कुठून आले हे विचारायचंही कुणाच्या मनात येत नाही. आपण लग्नाचा बार उडवतो, सभेत मुद्दा ठासून मांडतो, भाषण रंगलं नाही तर फुसका बार म्हणतो. बोलणाऱ्यांपैकी शेकड्यात एकानंही उखळी पाहिलेली नसेल.

दारू ठासून बार काढायचं तंत्र आपल्या मातीत आलं तेव्हा जुन्नर त्याच्या वाटेवरच होतं. मलिक अहमदनं १४९० साली निजामशाही उभी केली ती जुन्नरातून. अहमदनगर त्यानंतर वसलं. त्याच निजामशाहीनं १५४९ मध्ये अहमदनगरात मलिक-ए-मैदान ही तोफ ओतवली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, तोफेचं वजन सुमारे ५५ टन. पुढं ती परांड्याहून विजापुरात नेली गेली आणि आजही तिथल्या बुरुजावर आहे. तिच्या तोंडाशी उभं राहिलं की उखळी आठवते. तीच बनावट, तोच कान, तीच वात. फरक आकाराचा आणि हेतूचा. मलिक-ए-मैदान माणसं मारायला ओतली. उखळीत गोळी कधी घालायचीच नसते.

दारूकाम मंगलकार्यात कधी शिरलं याचा शोध पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. भारतातल्या आतषबाजीचा इतिहास त्यांनी जुन्या पोथ्यांतून गोळा केला. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरात लग्नाच्या वर्णनात आतषबाजी येते हे त्यांनीच दाखवून दिलं. म्हणजे सोळाव्या शतकात मराठी श्रोत्याला ती ओळखीची झाली होती. पेशवाईत महादजी शिंद्यांनी कोट्याच्या दिवाळीतल्या दारूकामाचं वर्णन सवाई माधवरावांना ऐकवलं आणि मग पर्वतीच्या पायथ्याशी तसाच देखावा करवण्यात आला, असं बखर सांगते. त्याच काळात पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला मनाई असे. एकाच आवाजाचे हे दोन संसार: एक डोळ्यांचा सोहळा, दुसरा कानाला दिलेला हुकूम.

उखळी दुसऱ्या घरातली. ती इशारतीचा बार आहे. पावनखिंडीची गोष्ट सांगताना आपण थांबतो ते विशाळगडावरच्या तोफेच्या आवाजाशी, कारण त्या आवाजात निरोप होता. छबिना हा शब्दही तीच साक्ष देतो. फारसी शब म्हणजे रात्र, त्यावरून शबीना. मराठी फौजेत छबिना म्हणजे छावणीभोवती फिरणारी रात्रीची गस्त. फौजा संपल्या, छावण्या उठल्या, आणि तो शब्द देवाच्या रात्रीच्या पालखीला येऊन चिकटला. मला वाटतं, गस्तीबरोबर तिचा बारही देवळात आला. देव गावाभोवती गस्त घालतो आणि निघाल्याची वर्दी उखळी देते. याला माझ्यापाशी कागद नाही, पण शब्दांचा माग तिथंच जातो.

१८१८ ला पेशवाई बुडाली, आणि या भागातली हत्यारं एकेक करून मोडत गेली. इंग्रजांविरुद्ध उठलेले अकोले तालुक्यातले राघोजी भांगरे १८४८ मध्ये ठाण्याला फासावर गेले. आंबेगावच्या जांभोरीचे होनाजी केंगले १८७० च्या दशकात सावकारीविरुद्ध उठले. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा केला. तोड्याच्या बंदुका गेल्या, ठासणीच्याही बहुतेक गेल्या. उखळीला चाप नाही, नळी नाही, गोळी नाही. ती देवळाच्या कोपऱ्यात दिवट्यांशेजारी राहून गेली. एके काळी घरोघरी असलेल्या एका विद्येचा तो शेवटचा अवशेष होता.

आता ती का गेली ते सांगतो. कुकडीवर १९७७ साली येडगाव धरण झालं. पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं आली, आणि माणसं गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. खरं तर तेव्हाच उखळीची सर्वांत जास्त गरज होती. पालखी निघाली हे दोन मैलांवरच्या वस्तीला दुसरं कोण सांगणार? काही वर्षं तिनं ते सांगितलंही. मग भोंगा आला, मोबाइल आला आणि निरोपाचं काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं. शेवटी डीजे आला. भिंती हादरवणाऱ्या त्या आवाजात उखळीचे तीन बार झाले काय आणि नाही काय.

आणि उसाबरोबर बिबट्या आला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारण केंद्र उभारावं लागलं, एवढा तो आमच्या जगण्यात शिरला आहे. त्याला पळवायला रात्री वस्तीवर फटाका वाजला की आता कुणी हात जोडत नाही; दार लावून पोरं मोजतात. उखळीच्या आवाजाचा अर्थच उलटला. पूर्वी रात्रीचा बार माणसाला घराबाहेर बोलवायचा, आता तो आत ढकलतो. गावाच्या मनात झालेला एवढा मोठा बदल मी दुसरा पाहिलेला नाही.

पालखीपुढं आवाज अजून होतो, नाही असं नाही. तयार फटाक्यांच्या माळा लागतात, कागदाचे तुकडे उडवणाऱ्या नळ्या येतात. पैसे पूर्वीपेक्षा जास्त खर्च होतात. पण त्यात मापणारा हात नाही, ठासणी नाही, आणि कुठल्या क्षणी बार व्हावा याचं भान नाही. गर्दी घाटात असते. बैलगाडा शर्यतींवर २०१४ ला बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात ती उठली, २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि तेव्हापासून यात्रा म्हणजे घाट असंच झालं आहे. पुण्या-मुंबईची मंडळी सकाळी येतात, गाडे पाहून संध्याकाळी गाडीला चावी मारतात. छबिन्याला पालखीचे खांदेकरी, वाजंत्री आणि चार म्हाताऱ्या उरतात. मी त्यांच्यात चाललो आहे. काळोखात ताशा वाजतो आणि पुढं रस्ता रिकामा असतो.

उखळी गेली ती धोक्यामुळं, असं म्हणणारेही आहेत. त्यांचं म्हणणं मी डावलणार नाही. चिरलेली उखळी फुटली की लोखंडाचे तुकडे माणसाच्या अंगात जातात. केरळात कोल्लमजवळच्या पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे आतषबाजीच्या साठ्याला आग लागली आणि शंभरावर माणसं गेली. स्फोटकांचा कायदा १८८४ पासून आहे, रात्री दहानंतर आवाज करायचा नाही हेही ठरलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. घरी दारू कुटायचे दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण उखळी गेली म्हणून धोका गेला का? पाखरं हाकायला केलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपाच्या बंदुका पोरांच्या हातात आल्या. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये तसल्याच खेळण्यांनी किती मुलांचे डोळे जायबंदी झाले. जाणता माणूस आणि त्याचा दरारा गेला, आणि बाकी सगळं राहिलं.

बाहेर काय झालं ते पाहा. जर्मनीत बव्हेरियाच्या डोंगराळ भागात, बेर्खटेसगाडेनला, नाताळाच्या आधी गावकरी हातात धरायच्या ठासणीच्या बंदुकांतून गोळीविना बार काढतात. तिथं बार काढणाऱ्यानं शिकवणी पूर्ण करून परवाना घ्यायचा असतो, आणि हत्यार दर पाच वर्षांनी सरकारी तपासणीत उतरावं लागतं. त्यामुळं प्रथाही टिकली आणि हातपायही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या गावात १९३३ पासूनची ठासणीच्या बंदुकांची संघटना मेळावे भरवते. तशा मेळाव्यांत १८४० च्या आधीच्या थाटात तंबू ठोकणाऱ्यांच्या छावण्या असतात, आणि नव्या घडणीच्या बंदुका व प्लॅस्टिकच्या पेट्या आत शिरल्या की जुनी मंडळी हळहळतात. मला त्यांचं दुखणं कळतं. फक्त आपलं दुखणं थोडं वेगळं आहे. ते लोक मेलेला काळ उभा करतात. आपल्याकडं देव, पालखी आणि रस्ता जिवंत आहेत. त्यांच्या पुढचा एक माणूस तेवढा कमी झाला आहे.

यात्रा कमिट्यांना माझं सांगणं एवढंच आहे. देवळाच्या कोपऱ्यात उखळी असेल तर ती भंगारात घालू नका. आधी ती लोखंडाच्या जाणकाराला दाखवा. तडा असेल तर ती पूजेपुरतीच ठेवा. चांगली असेल तर रीतसर परवानगी काढा, परवानाधारक माणूस आणा, आणि गावात जो कुणी म्हातारा हे काम जाणतो त्याला त्याच्या शेजारी मानानं उभा करा. पोरांना दोरीपलीकडं थांबवून ठासणी कशी करतात ते पाहू द्या. पत्रिकेत एक ओळ वाढवा: सायंकाळी सात वाजता पालखीचं प्रस्थान, उखळीचे तीन बार. आणि त्या तीन बारांपुरता, पाच मिनिटं, डीजे बंद ठेवा.