हिरवा रंग, रक्ताचा ठिपका आणि दुर्मीळ अन्न

१/ काही साखरविरहित शीतपेयांच्या बाटलीवर बारीक अक्षरांत इशारा छापलेला असतो: फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही. हजारो बालकांत एखाद्यालाच होणारा हा आनुवंशिक आजार ओळखायला कधीच महागडे यंत्र लागले नाही. तरीही त्याने कित्येक मुलांची बुद्धी हिरावून घेतली. असे का झाले, याचा हा धागा.

२/ १९३४, ऑस्लो. बौद्धिक वाढ खुंटलेल्या दोन मुलांची आई अनेक डॉक्टरांचे उंबरे झिजवून आस्ब्योर्न फोलिंग यांच्याकडे आली. मुलांच्या अंगाला आणि लघवीला विचित्र वास येतो, ही तिची तक्रार आजवर कोणी मनावर घेतली नव्हती.

३/ फोलिंग वैद्य होते आणि रसायनज्ञही. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले आणि ती गर्द हिरवी झाली. औषधे बंद करूनही रंग तोच राहिला. कित्येक लिटर लघवीतून त्यांनी त्यामागचे फिनाइलपायरुव्हिक आम्ल वेगळे केले. मग संस्थांमधील ४३० जणांची तपासणी केली, तेव्हा आणखी ८ जण सापडले.

४/ दोष कोठे होता? प्रथिनांतील फिनाइलअॅलनिनचे रूपांतर करणारे यकृतातील विकर या मुलांत काम करीत नाही. ते द्रव्य रक्तात साचते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. आईवडील दोघेही वाहक, पण स्वतः निरोगी. त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक.

५/ निदान झाले, उपाय मात्र नव्हता. १९५०च्या दशकाच्या आरंभी बर्मिंगहॅममध्ये एक आई आपल्या मुलीसाठी उपचार मागत रोज रुग्णालयात येत राहिली. होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातील प्रथिनाचे विघटन करून, कोळशाच्या साह्याने त्यातील फिनाइलअॅलनिन काढून टाकले व ते मिश्रण मुलीला दिले. तिच्यात सुधारणा दिसली. १९५३ मध्ये हा अनुभव प्रसिद्ध झाला. मेंदूची आधी झालेली हानी मात्र आहाराने भरून निघत नव्हती.

६/ म्हणून प्रश्न वेळेचा होता. लघवीचा हिरवा रंग जन्मानंतर काही आठवड्यांनी दिसतो. तोवर इजा सुरू झालेली असते. बफेलो येथील रॉबर्ट गथ्री यांनी यावर उपाय शोधला. बाळाच्या टाचेतील रक्ताचा ठिपका टिपकागदावर घ्यायचा, वाळवायचा आणि त्याची चकती जिवाणूंच्या थरावर ठेवायची. रक्तात फिनाइलअॅलनिन जास्त असेल, तर चकतीभोवती जिवाणूंची वाढ दिसते.

७/ या कागदाने छोट्या रुग्णालयांचे दार उघडले. नमुन्याला बर्फ लागत नाही, तो टपालाने जातो. प्रसूतिगृहात सुई आणि कागद असला की पुरते. प्रयोगशाळा दूरच्या शहरात असली तरी चालते. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी कायद्याने लागू केली.

८/ खरी अडचण अहवालानंतर सुरू होते. अंगावरचे दूधसुद्धा मोजून द्यावे लागते. पुढे डाळ, अंडी, मांस वर्ज्य होते. केवळ प्रथिने बंद केली तर बाळाची वाढच खुंटते. म्हणून फिनाइलअॅलनिनविरहित खास पूड हवी, रक्ताची वारंवार तपासणी हवी, आणि हे सारे वर्षानुवर्षे. भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातही हा आजार विशेष आहारावर अवलंबून असणाऱ्या गटात आहे.

९/ ऑस्लोच्या त्या दोन मुलांना फोलिंग यांच्या शोधाचा लाभ मिळाला नाही; तेव्हा आहारच ठाऊक नव्हता. आज तो ठाऊक आहे. म्हणून जिल्हा रुग्णालयाने टाचेतून रक्त घेताना त्या पुडीच्या डब्याचीही तजवीज करायला हवी. एरवी बाळाच्या आईच्या हाती आजाराचे नाव तेवढे पडेल.