दुसऱ्याच्या जागेवरून बघणं कधी येतं?

आजचा भाग ताईच्या फोनमुळे झालाय. भाचा साडेतीन वर्षांचा, सिडकोतल्या एका नर्सरीत जातो. त्याच्या डायरीत शेरा आला, 'खेळणी शेअर करत नाही, इतरांच्या भावना समजून घेत नाही.' ताई रडकुंडीला आलेली. म्हणाली, तू इंजिनिअर आहेस ना, शोधून सांग. आता कोड लिहिण्याचा आणि याचा काय संबंध, पण ताईला नाही कोण म्हणणार!

तर सुरुवात करू झां पियाजेपासून. 1948 साली त्याने आणि बार्बेल इनहेल्डरने एक प्रयोग मांडला. टेबलावर तीन डोंगरांचा देखावा, एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला बाहुली. प्रश्न एवढाच, की बाहुलीला काय दिसतं? आपल्याकडे म्हणायचं तर देवगिरीचा किल्ला तुम्ही शहराच्या बाजूने बघताय आणि मी खुलताबादच्या बाजूने, मग मला कसा दिसत असेल ते सांगा. लहान मुलं स्वतःला दिसणारं चित्रच निवडायची. पियाजे म्हणाला, या वयात मूल स्वकेंद्री असतं. स्वार्थी नव्हे हं, स्वकेंद्री. डायरीतल्या शेऱ्यात नेमका हाच घोळ आहे.

पुढे 1970च्या दशकात मार्टिन ह्यूज या संशोधकाने डोंगर काढून टाकले आणि पोलीस आणला. भिंतींच्या आडोशाला एक बाहुला असा लपवायचा, की पोलिसाला तो दिसता कामा नये. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांना हे बहुतेक वेळा बरोबर जमलं! कारण लपाछपी त्यांना कळते, डोंगरांचे फोटो कळत नाहीत. मूल तेच, फक्त प्रश्न त्याच्या जगातला झाला.

हे वाचताना मला सारखं आठवत होतं बोर्डी. ताराबाई मोडकांनी 1945 साली तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मुलं अडाणी, आईबाप बेफिकीर असा शेरा मारून मोकळं होणं सोपं होतं. या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, खडे हीच साधनं. आजचा 'अंगणवाडी' हा शब्द त्याच अंगणातला. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शाळा कुरणात गेली. ह्यूजच्या कितीतरी आधी या बायकांनी ओळखलं होतं, की मूल बघायचं तर त्याच्या अंगणात बघावं.

शेअर करण्याबद्दलही मजा आहे. ताराबाईंनी ज्या माँटेसरी पद्धतीला देशी रूप दिलं, तिच्यात वर्गात प्रत्येक साधन एकच ठेवतात. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं. हातातलं काढून दे, असं कुणी म्हणत नाही. थांबणं आधी, देणं नंतर आपोआप.

आणि 1983 चा विमर आणि पर्नर यांचा प्रयोग. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा नवं कपाट दाखवतात. मला माहितीय ते मॅक्सीला माहीत नाही, हे समजायला चार-पाच वर्षं उजाडतात.

ताईला मी एवढं मात्र बजावलं: नावाने हाक मारल्यावर मूल वळून बघत नसेल, बोट करून काही दाखवत नसेल, बोलणं मागे पडत असेल, तर 'होईल मोठा' म्हणत बसायचं नाही, बालरोगतज्ज्ञाकडे जायचं. अंगणवाडीतल्या मुलांची अशी तपासणी 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. भाच्याचं यातलं काहीच नाही.

रविवारी त्याच्यावर चॉकलेटचा प्रयोग केला, खडीसाखर आणि दोन डबे घेऊन. आजी देवळातून आल्यावर कुठे शोधेल? त्याने ठामपणे नवा डबा दाखवला. मग लपाछपी खेळलो. आजी खोलीत आली तसे पठ्ठ्याने पलंगाखालून बाहेर आलेले पाय हळूच आत ओढून घेतले.