घर शोधीत आलेली शाळा

शाळेचें दार बंद झालें म्हणजे सर्व मुलांचें सारखेंच नुकसान होतें, असा एक समज आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. ज्या घरांत पुस्तकें आहेत, आई शिकलेली आहे आणि खाजगी शिकवणी लावण्याइतका पैसा आहे, त्या घरांत शाळा कांहीं अंशीं चालूच राहते. ज्या घरीं ह्यांपैकीं कांहींच नाहीं, त्या घरच्या मुलाची विद्याच थांबते. तमिळनाडूंत २०२० ते २०२२ ह्या काळांत जें घडलें, त्यावरून ही गोष्ट स्पष्ट होते. आणि थांबलेली विद्या पुन्हा कशी सुरू करतां येते, हेंहि समजतें.

ओट्यावरची शाळा तमिळ प्रदेशाला नवी नाहीं. घराच्या दर्शनी ओट्याला तेथें 'तिण्णै' म्हणतात. आपल्याकडील पंतोजींप्रमाणेंच तिकडचा गुरु ह्या ओट्यावर मुलें जमवी व वाळूंत बोटानें अक्षरें गिरवून घेई. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो ह्यांनीं १८२२ सालीं अशा शाळांची गणती सुरू करविली. १८२६ मध्यें तिचा निष्कर्ष त्यांनीं नमूद केला तो असा: इलाख्यांत शाळा १२,४९८ व विद्यार्थी १,८८,६५०. ह्यांत मुली अवघ्या ४,५४० होत्या. गुरूचा चरितार्थ पालकांच्या देण्यावर चाले. ज्याच्याजवळ देण्यास कांहीं नसे, त्याच्या मुलाला ओट्यावर जागा मिळणें कठीण. लोकांचें दारिद्र्य हें विद्येच्या मागासलेपणाचें एक कारण आहे, असें खुद्द मन्रो ह्यांनींच म्हटलें आहे.

पुढें काळ पालटला. सरकारी शाळा गांवोगांव झाल्या, आणि शाळेंत दुपारचें जेवण मिळूं लागल्यानें मजुरांचीं मुलेंहि पाटी घेऊन येऊं लागलीं. अशा स्थितींत मार्च २०२० मध्यें कोरोनाची सांथ आली व शाळा बंद झाल्या. पहिली ते आठवीचे वर्ग उघडण्यास १ नोव्हेंबर २०२१ हा दिवस उजाडला. मधल्या काळांत सरकारनें 'कल्वि' नांवाच्या दूरदर्शन वाहिनीवरून पाठ दाखविले. परंतु पडद्यावरचा शिक्षक मुलाची चूक पाहूं शकत नाहीं, आणि मुलाची शंका त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं.

शाळा उघडण्यापूर्वीं पांच दिवस, २७ ऑक्टोबर २०२१ रोजीं, मुख्यमंत्री मु. क. स्टॅलिन ह्यांनीं विळुप्पुरम् जिल्ह्यांतील मुदलियारकुप्पम् ह्या खेड्यांत एका योजनेचा आरंभ केला. तिचें नांव 'इल्लम् तेडि कल्वि', म्हणजे घर शोधीत येणारें शिक्षण. तिची रचना साधी होती. सायंकाळीं तास-दीड तास, गांवांतल्याच एखाद्या शिकलेल्या व्यक्तीनें सुमारें वीस मुलें आपल्या घरीं, देवळांत किंवा समाजमंदिरांत जमवावींत व मागें पडलेला अभ्यास करून घ्यावा. पांचवीपर्यंतच्या मुलांसाठीं शिकविणारा बारावी झालेला असावा, त्यापुढच्या वर्गांसाठीं पदवीधर. मानधन महिना एक हजार रुपये, आणि तें सरकारी तिजोरींतून. पालकांकडून कांहीं घ्यावयाचें नाहीं. लोककलावंतांचीं पथकें खेड्यांतून फिरलीं व त्यांनीं गाण्यानाट्यांतून पालकांना ही वार्ता दिली. स्वयंसेवकांची संख्या दोन लक्षांच्या घरांत गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. ज्या ओट्यावर एके काळीं मुलींना क्वचितच जागा मिळे, तेथें आतां शिकविणारीच शेजारची लेक किंवा सून होती.

योजनेवर टीकाहि झाली. स्वयंसेवक कोण असणार, असा प्रश्न सत्ताधाऱ्यांच्या मित्रपक्षांतूनहि विचारला गेला. तेव्हां खरा निकाल मुलांच्या प्रगतीवरूनच लागावयाचा होता. अभिजीत सिंग, मॉरिसिओ रोमेरो व कार्तिक मुरलीधरन ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं ग्रामीण तमिळनाडूंतील सुमारें १९,००० मुलांचा अभ्यास करून तो मांडला. डिसेंबर २०२१ मधील मुलांची तुलना २०१९ सालच्या त्याच खेड्यांतील त्याच वयाच्या मुलांशीं केली, तेव्हां गणितांत फार मोठी तूट दिसून आली. तमिळ भाषेंत ती सुमारें निम्मी होती. ही तूट गरिबांच्या मुलांत अधिक होती. शाळा सुरू झाल्यावर सहा महिन्यांत तिचा दोनतृतीयांश भाग भरून निघाला, आणि ह्या भरपाईचा सुमारें चौथा हिस्सा सायंकाळच्या वर्गांचा होता. विशेष हें कीं, ह्या वर्गांना गरीब घरचीं मुलें अधिक येत. आणि जीं अधिक मागें पडलीं होतीं, तींच अधिक वेगानें पुढें आलीं.

ह्याच सुमारास इंग्लंडांतहि असाच प्रयत्न चालला होता. जून २०२० मध्यें तेथील सरकारनें शिकवणीच्या राष्ट्रीय योजनेसाठीं ३५ कोटी पौंड जाहीर केले. दुसऱ्या वर्षीं कारभार एका खाजगी कंपनीकडे सोंपविला. २०२२ पासून पैसा सरळ शाळांच्या हातीं देण्यांत आला. शिक्षणाची हानि भरून काढण्यासाठीं नेमलेले आयुक्त सर केव्हन कॉलिन्स ह्यांनीं १५ अब्ज पौंडांची आवश्यकता सांगितली होती. सरकारनें १·४ अब्ज पौंड देऊं केले, तेव्हां जून २०२१ मध्यें त्यांनीं राजीनामा दिला. शिकवणीच्या खर्चांतील सरकारचा वांटा प्रथम पाऊण होता. तो शेवटच्या वर्षीं निम्म्यावर आला, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें योजना संपली.

तमिळनाडूच्या उदाहरणाचा अर्थ मात्र अतिशयोक्तीनें लावूं नये. भरपाईचा मोठा भाग शाळा उघडल्यानेंच झाला. ओट्यावरचा वर्ग शाळेची जागा घेऊं शकत नाहीं. सहा महिन्यांनंतरहि एकतृतीयांश तूट उरलीच होती. शिवाय एक हजार रुपयांत महिनाभर रोज शिकविणाऱ्या त्या स्त्रियांच्या श्रमाचें मोल पुरतें झालें, असेंहि म्हणवत नाहीं. तरी दोनशें वर्षांपूर्वींच्या ओट्यांत आणि ह्या ओट्यांत एक मोठा फरक आहे. तेव्हां गुरूला द्यावयास ज्याच्याजवळ कांहीं नसे, त्याचा मुलगा घरीं बसे. ह्या वेळीं गुरूचें देणें सर्वांच्या तिजोरींतून दिलें गेलें, आणि शाळा त्याच मुलाचें घर शोधीत गेली.