अजिंठ्याच्या डोंगरावरून शांघायपर्यंत

20 मे 2023. शांघायमधल्या विश्वचषकाच्या अंतिम लढतीत जागतिक अव्वल क्रमांकाचा डच तिरंदाज माइक श्लोसर. समोर बुलढाण्याचा एकोणीस वर्षांचा प्रथमेश जवकार. पंधरा बाण, जास्तीत जास्त 150 गुण. निकाल लागला 149–148, प्रथमेशच्या बाजूने.

एका गुणाचा हा फरक मोबाइलच्या पडद्यावर सहज कळतो. प्रत्येक बाणागणिक आकडा बदलतो, श्वास अडकतो. जागतिक तिरंदाजी महासंघ अंतिम लढती इंटरनेटवर दाखवतो. त्यामुळे अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेल्या गावाचं पोरगं जगाच्या नजरेत यायला आता वर्तमानपत्राची वाट पाहावी लागत नाही.

त्याच्या हातातलं धनुष्य मात्र फार जुनं नाही. अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलेस अॅलन यांनी धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली आणि 1969 मध्ये पेटंट मिळवलं. दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार कमी होतो, नेम स्थिर राहतो. हेच ‘कंपाउंड’.

खेळाच्या दरबारात त्याला उशिरा जागा मिळाली: जागतिक स्पर्धेत 1995, आशियाई क्रीडा स्पर्धेत 2014. हांगझोऊला 2023 मध्ये अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश यांनी दक्षिण कोरियाला 235–230 असं हरवून सांघिक सुवर्ण जिंकलं. तीन जणांच्या त्या संघात ओजस नागपूरचा, प्रथमेश बुलढाण्याचा. म्हणजे दोघे विदर्भाचे.

ऑलिंपिकचं दार कंपाउंडसाठी 2028 मध्ये लॉस एंजेलिसला उघडेल, तेही फक्त मिश्र सांघिक प्रकारात.