विद्यांच्या भिंती आणि बडोद्याची वाट

बडोद्याचे नाव ज्या जुन्यात जुन्या लेखांत सापडते, त्यांपैकी एक म्हणजे राष्ट्रकूट घराण्यातील कर्क राजाचा ताम्रपट होय. त्याचा काळ शके 734, म्हणजे इसवी सन 812. अंकोट्टक चौऱ्याऐंशीत मोडणारे वडपद्रक नावाचे गाव राजाने एका विद्वान ब्राह्मणाला दान दिले, अशी त्यात नोंद आहे. वडपद्रक म्हणजे आजचे बडोदे आणि अंकोट्टक म्हणजे अकोटे. विश्वामित्री ओलांडली की अकोटे लागते आणि त्याच्या पलीकडे वासणा. आज ही दोन्ही नावे बडोद्याच्या पश्चिमेकडील वस्त्यांची म्हणून ओळखली जातात; पण त्या ताम्रपटाच्या काळी अकोटे हेच मुख्य ठाणे होते आणि बडोदे त्याच्या हद्दीतील एक खेडे होते. काळाने पुढे थोरल्याला धाकटे केले आणि धाकट्याला थोरले.

असा ताम्रपट हाती आला तर तो कोणी वाचावा? तो जमिनीचा दस्तऐवज आहे, तेव्हा तो कायदेपंडिताचा विषय. दान धर्मासाठी दिलेले, तेव्हा तो धर्माच्या अभ्यासकाचा. त्यातील शकाचे गणित पंचांग जाणणाऱ्याचे, अक्षरांची वळणे लिपिज्ञाची आणि पत्रा कसा ठोकला, कडीत कसा ओवला, हे धातुकाम जाणणाऱ्याचे. वस्तू एकच, तिचे वाटे मात्र आपण विद्यांच्या खात्यांप्रमाणे पाडले. विद्येच्या इतिहासात खात्यांच्या भिंती सोयीसाठी उभ्या राहिल्या, हे खरे. परंतु सोयीसाठी घातलेली भिंत पुढे गढीचा तट होऊन बसते आणि आतल्याला बाहेरचे दिसेनासे होते. ह्या भिंतींना दारे ठेवण्याचा एक मोठा प्रयत्न बडोद्यात झाला. त्याचा इतिहास मराठी वाचकाला जवळचा आहे, कारण त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे.

त्या प्रयत्नाचे सूत्रधार महाराज सयाजीराव गायकवाड. 1863 साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, तेव्हा त्याचे अक्षरशिक्षण व्हावयाचे होते. ज्याला विद्या उशिरा मिळते, त्याला पुष्कळदा तिची किंमत अधिक कळते. 1939 साली त्यांचे निधन होईपर्यंतच्या कारकिर्दीत त्यांनी ज्या संस्था काढल्या, त्यांकडे एकेक करून पाहिले तर त्या परस्परांशी संबंध नसलेल्या वाटतात. एकत्र पाहिल्या म्हणजे त्यांतील धागा दिसू लागतो.

1890 साली निघालेले कलाभवन हे त्यांतले पहिले मोठे उदाहरण. त्याचे शिल्पकार त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेच्या सुतार घराण्यातले आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक. हातातला रंधा आणि प्रयोगशाळेतली परीक्षानळी ह्या दोन्हींचा मान त्यांच्या घरात व मनात सारखाच होता. कलाभवनात चित्रकला, बांधकाम, यंत्रकाम, रंगाई असे विषय एका आवारात शिकवले जात. कारागिराच्या मुलाला विज्ञान समजावे, तर ते त्याच्या भाषेत आले पाहिजे, असा गज्जरांचा आग्रह होता. म्हणून देशी भाषांत शास्त्रीय पुस्तके तयार करण्याच्या योजनेला संस्थानाने 50,000 रुपये मंजूर केले. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले, तेव्हा तो डाग काढून पुतळा पूर्ववत करणारे रसायनशास्त्रज्ञ ते हेच.

ह्याच कलाभवनात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आलेला एक मराठी विद्यार्थी छायाचित्रण, चित्रकला, मूर्तिकाम असे नाना विषय शिकत होता. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. प्रकाशाचे रसायन, यंत्राची चाल, रंगभूमीची दृष्टी आणि पुराणातील कथा ही चार अंगे ज्याच्या एकट्याच्या हातात आली, त्याच्याच हातून 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट जन्मला. ह्यांतले एकच अंग अवगत असते, तर फाळके उत्तम छायाचित्रकार झाले असते किंवा उत्तम मुद्रक. चित्रपटाचे जनक झाले नसते.

कायद्याच्या क्षेत्रातही हीच दृष्टी दिसते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग 1893 साली अमरेली भागात सुरू झाला आणि 1906 मध्ये तो सबंध संस्थानाला लागू झाला. 1915 साली तर पुरोहितांसाठी कायदा आला. पौरोहित्य करणाराने परीक्षा द्यावी आणि आपण म्हणतो त्या मंत्रांचा अर्थ त्याला कळत असावा, हा त्यामागचा हेतू. कायद्याने धर्माच्या अंगणात पाऊल टाकावे की नाही, ह्याविषयी तेव्हा मतभेद झाले आणि ते आजही होतील. परंतु अर्थ न कळता म्हटलेला मंत्र व अर्थ न कळता भोगलेला कायदा ह्या दोन्हींचा तोटा सामान्य माणसालाच होतो, हे त्या कायद्याने ओळखले होते. 1931 साली निघालेला ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कोश त्याच विचाराचे दुसरे फळ. कायदा आणि राज्यकारभार ह्यांतील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. वकील, मौलवी, शास्त्री आणि कारकून हे चौघे एका पानावर यावेत, ही कल्पनाच मोठी होती.

धर्म आणि प्राचीन वाङ्मय ह्यांच्या संशोधनासाठी ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाला’ निघाली. तिचा पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, 1916 साली प्रसिद्ध झाला. पुढे 1927 मध्ये प्राच्यविद्यामंदिर ही स्वतंत्र संस्था झाली. प्राच्य म्हटले की वेद, पुराणे आणि स्तोत्रे एवढेच डोळ्यांसमोर येते. ह्या मालेत मात्र भोजराजाचा ‘समरांगणसूत्रधार’ आहे. त्यात नगररचना व घरबांधणी आहे आणि एक संपूर्ण अध्याय यंत्रांवर आहे. चालुक्य राजा सोमेश्वराचा बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ही आहे. त्यात हत्तींची चिकित्सा आहे, पाककृती आहेत आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंदही आहे. प्राचीनांनी ज्या विद्या एका पोथीत बांधल्या, त्या आज चार विभागांच्या चार कपाटांत ठेवल्या जातात.

1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. कलाभवन आणि प्राच्यविद्यामंदिर ही दोन्ही त्याची अंगे झाली. त्यानंतर 1951 मध्ये वाल्मीकि रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेण्यात आले. 1960 ते 1975 ह्या काळात त्याची सातही कांडे प्रसिद्ध झाली. हे काम कसे चालते, ते समजून घेण्यासारखे आहे. रामायणाच्या पोथ्या देशभर आहेत आणि त्यांत पाठभेद आहेत. ज्या पाठाच्या बाजूने अधिक पोथ्या तो खरा, असे म्हणून भागत नाही. दहा पोथ्यांत एकच चूक एकाच ठिकाणी आढळली, तर त्या दहाही एका मूळ पोथीवरून उतरल्या असण्याचा संभव अधिक. म्हणून त्या दहा मिळून साक्षीदार एकच. उलट दूरदूरच्या प्रांतांत, निरनिराळ्या लिपींत लिहिलेल्या दोन पोथ्या जुळल्या, तर त्या दोघींचे वजन त्या दहांहून अधिक.

न्यायालयात साक्षीपुरावा जसा तोलतात, तसाच हा तोल आहे. ह्या आवृत्तीतील अरण्यकांडाचे संपादक प्रल्हाद चंद्रशेखर दिवाणजी हे निवृत्त न्यायाधीश होते, ही गोष्ट म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. कोणाची साक्ष स्वतंत्र आणि कोणाची पढवलेली, हे ओळखण्याची जी सवय न्यायासनावर लागते, तिला पोथ्यांच्या खोलीतही काम मिळते.

ह्याच आवृत्तीतील उत्तरकांड उमाकांत प्रेमानंद शहा ह्यांनी संपादित केले. हेच शहा अकोट्याच्या कांस्यमूर्तींचे अभ्यासक. 1951 साली अकोट्यात जैन धातुमूर्तींचा एक मोठा ठेवा उजेडात आला. त्यांवरील शहा ह्यांचा ग्रंथ 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. मुकुट व अलंकार ल्यालेली एक मूर्ती त्यात होती. तीर्थंकर तर सर्वसंगपरित्यागी. त्यांना मुकुट कसा? जैन ग्रंथांत ‘जीवंतस्वामी’ म्हणजे दीक्षेपूर्वी राजपुत्र असतानाच्या महावीरांच्या मूर्तीचा उल्लेख येतो. अकोट्याच्या एका मूर्तीच्या पीठावर तेच नाव कोरलेले सापडले. ग्रंथाने मूर्तीचा अर्थ सांगितला आणि मूर्तीने ग्रंथाची साक्ष दिली. केवळ मूर्ती पाहणाराला हा अलंकृत पुरुष कोण ते कळले नसते आणि केवळ ग्रंथ वाचणाराला ती कथा निव्वळ आख्यायिका वाटली असती.

आता अगदी वेगळ्या विद्येकडे वळू. ह्याच विद्यापीठातून 1971 साली एका तरुणाने भौतिकशास्त्राची पदवी घेतली. वेंकटरामन रामकृष्णन हे त्याचे नाव. त्याचे वडील तेथेच जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. अमेरिकेत 1976 मध्ये भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवल्यावर त्याने जे केले, ते शहाण्यासुरत्या माणसाला वेडेपणाचे वाटावे. तो पुन्हा विद्यार्थी झाला आणि जीवशास्त्र अगदी पायापासून शिकू लागला. पेशीत प्रथिने घडवणारा जो रायबोसोम नावाचा सूक्ष्म कारखाना आहे, त्याची रचना उलगडण्याच्या कामासाठी त्याला 2009 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघा शास्त्रज्ञांसमवेत मिळाले. पदवी भौतिकशास्त्राची, काम जीवशास्त्राचे आणि पारितोषिक रसायनशास्त्राचे! त्याची पद्धत पाहावी, तर तीही ओळखीची वाटते. रायबोसोमचे अणू डोळ्यांना दिसत नाहीत. त्याचे स्फटिक करून त्यांवर क्षकिरण सोडतात आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून मूळ आकाराचे अनुमान करतात. पोथ्यांवरून मूळ रामायणाकडे जाणारा शास्त्री आणि ठिपक्यांवरून मूळ रेणूकडे जाणारा शास्त्रज्ञ ह्यांची सामग्री भिन्न असली, तरी अनुमानाची शिस्त एकाच कुळातली आहे.

इथवरची कथा अभिमानाची आहे. पण ती इथेच थांबवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1913 साली भीमराव रामजी आंबेडकर ह्यांना बडोदे संस्थानाने कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तेथे त्यांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र अभ्यासले. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे 1917 मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. ज्या संस्थानाने परदेशीच्या विद्यापीठाचे दार त्यांना उघडून दिले, त्याच संस्थानाच्या राजधानीत त्यांना राहण्यास घर मिळेना. नाव बदलून ते एका पारशी उतारशाळेत राहिले. काही दिवसांतच जात कळली आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. कोणाही मित्राकडे आसरा मिळाला नाही. कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, कित्येक तास बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस निघून गेले.

त्या माणसाच्या पुढील कार्याची यादी केली, तर बडोद्याने काय गमावले ते समजते. 1922 मध्ये ते बॅरिस्टर झाले, 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ आला. 1942 ते 1946 ह्या काळात मध्यवर्ती सरकारचे मजूरमंत्री म्हणून पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते व दामोदर खोऱ्याच्या योजनेची घडण त्यांच्या देखरेखीखाली झाली. पुढे ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्र, कायदा, नद्यांचे पाणी आणि धर्म ह्या चार विषयांत त्यांचा प्रश्न एकच होता: माणसाला माणसासारखे जगता येईल, अशी व्यवस्था कोणती?

विद्यांमधील भिंती पाडणे राजाला जमले. कारण त्याला द्रव्य लागते, संस्था लागतात आणि दूरदृष्टी लागते, व त्या तिन्ही गोष्टी सयाजीरावांपाशी होत्या. माणसांमधील भिंत मात्र दरबारच्या हुकुमाने पडली नाही, कारण ती गल्लीत, घरमालकाच्या उंबऱ्यावर आणि कचेरीतील शिपायाच्या मनात उभी होती. फायली हाती देताना लांबून टाकणारा शिपाई आणि विद्वानाला जागा नाकारणारा घरमालक हे कोणत्याही विद्येचे शत्रू म्हणून नोंदले जात नाहीत. परंतु संशोधनाचे नुकसान त्यांच्याइतके फार थोड्यांनी केले असेल.

म्हणून बडोद्याच्या ह्या इतिहासातून घ्यावयाचा धडा दुहेरी आहे. न्यायाधीशाने पोथी हाती घ्यावी, रसायनशास्त्रज्ञाने कारागिराच्या भाषेत लिहावे, भौतिकशास्त्र्याने जीवशास्त्राच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसावे. त्यात कमीपणा नाही. एक विद्या पक्की आलेल्या माणसाने दुसरीच्या दारी विद्यार्थी म्हणून जाण्याचे धैर्य दाखवले, तेव्हाच नवे काही हाती लागले आहे. आणि विद्येला ग्रंथालय व प्रयोगशाळा जितकी लागते, तितकेच विद्वानाला रात्री पाठ टेकण्यास छप्पर लागते. शिष्यवृत्ती राज्य देऊ शकते. छप्पर शेजाऱ्याला द्यावे लागते.